‘मुक्तद्वार’चा उत्तरपक्ष

४ सप्टेंबर

ठरलं! एकदाचं ठरलं. नियतकालिक काढायचं!

सर आले, वकीलसाहेब आले, चहा दोनदा झाला. नियतकालिक स्वातंत्र्यवादी विचारांचं. म्हणजे माणूस स्वतःचा मालक, त्याला कोणी जबरदस्ती करू नये, सरकारने तर त्याहून करू नये, या विचाराचं. आणि अभ्यासपूर्ण. उगीच तावातावाने लिहिलेलं नको. कागदावरही नको, इंटरनेटवर. कोणीही, कुठूनही उघडावं आणि फुकट वाचावं.

सगळ्यावर एकमत झालं आणि गाडं अडलं अध्यक्षाच्या खुर्चीपाशी. अध्यक्ष व्हायला कोणी तयार नाही. सर म्हणाले, “कोणी कोणाच्या डोक्यावर बसायचं नाही, हेच तर आपलं म्हणणं!” वकीलसाहेब म्हणाले, “मग बैठक संपली हे कोण जाहीर करणार?” ते कोणालाच करता येईना. सगळे एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी हे आतून आले आणि कपबशा उचलायला लागले, तेव्हा संपली.

पाहुणे गेल्यावर यांनी तोंड उघडलं. “जन्मभर मी लोकांकडून कर गोळा केला. आणि म्हातारपणी माझ्याच बैठकीच्या खोलीत करबुडव्यांचा अड्डा!”

“अड्डा नाही हो, संपादक मंडळ.”

“मोकाट मंडळ म्हण.”

आता हेच नाव चिकटणार. बघालच!

६ सप्टेंबर

चिकटलं. सूनबाईने संगणकावर फोल्डर केलंय, त्यावर लिहिलंय — मोकाट मंडळ.

९ सप्टेंबर

नाव मिळालं! ‘मुक्तद्वार’. सुचवलं सूनबाईने, तेही भाजी चिरता चिरता. सर ‘वा!’ म्हणाले. यांनी सुचवलेलं नाव लिहून ठेवण्याजोगं नाही, तरी लिहिते — ‘चुकवाचुकवी’.

ही मुलगी नसती तर आमचं काय झालं असतं देव जाणे. कॉलेजच्या ग्रंथालयात संगणकाचं सगळं तीच बघते, घरी आली की आमची वेबसाइट. चिरंजीव जहाजावर. महिनोन्महिने पाण्यात. घरात आम्ही दोघं म्हातारे आणि ती. यांच्या गोळ्या ती, माझे चष्मे ती, गॅसवाला ती, बँक ती. आणि कधी कपाळाला आठी नाही.

१३ सप्टेंबर

आज जुंपली! वकीलसाहेबांचा सवाल — “बाजारावर विश्वास असलेले आपण, आणि माल फुकट वाटायचा? तत्त्वात बसतं का?”

सर चष्मा पुसत बसले. ते चष्मा पुसायला लागले की उत्तर नसतं. मग मीच म्हटलं, “वकीलसाहेब, माझी वस्तू मी विकीन, नाहीतर वाटीन. वाटायला मला कोणी भाग पाडलं तर ती जबरदस्ती. मी होऊन वाटली तर माझी खुशी. तुम्ही इथे येऊन माझा चहा पिता, बिल मागितलं का मी?”

आतून यांचा आवाज — “मागायला हवं होतं!”

ठराव मंजूर. कोणीही वाचावं, उतरवून घ्यावं, वाटावं. फक्त लिहिणाऱ्याचं नाव काढू नये. ही शेवटची अट माझी. तिच्यावर मी अडूनच बसले.

का ते इथे लिहायला हरकत नाही. विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. उभी हयात लोकांचे प्रबंध टाइप केले. शिक्षण माझं शाळेपुरतंच. जे काही डोक्यात आहे ते बोटांतून वर गेलेलं! अर्धं कळायचं नाही. मग प्रबंध न्यायला आलेल्या माणसाला धरायचे — हे काय आहे, समजावून सांगा, मग घेऊन जा. सर तेव्हा तरणे होते. स्टुलावर बसून तासभर सांगायचे, पुस्तकं आणून द्यायचे. स्वातंत्र्याचं वेड तिथे लागलं. पण इतक्या वर्षांत पहिल्या पानावर जी नावं टाइप केली ती सगळी दुसऱ्यांची.

एकदा माझं टाइप करायचंय. कष्टाने मिळवलेलं, वशिल्याने नाही. बस्स.

१७ सप्टेंबर

नियम ठरले. स्वातंत्र्यवाद्यांनी नियम करायचे म्हणजे मांजरांची कवायत! तरी दोन ठरले.

पहिला — लेख आला की सूनबाई त्यावरचं नाव काढून क्रमांक देणार. तपासणारे बाहेरगावचे. त्यांना लिहिणारा माहीत नाही, लिहिणाऱ्याला ते माहीत नाहीत. संपादक असलो तरी आम्हालाही नावं कळणार नाहीत. अंक उघडेल त्या दिवशीच सगळी नावं दिसतील, आणि ती खरीच हवीत. टोपणनाव चालणार नाही.

दुसरा माझा. प्रत्येक लेखाच्या शेजारी उत्तरपक्ष हवा. त्या लेखाला भिडून विरोध करणारं कोणीतरी. तो नसेल तर लेख थांबेल. टाइप केलेल्या प्रबंधांत मी काय कमी विरोधक पाहिले? सगळे पेंढा भरलेले वाघ! तो मारायचा आणि मिशीवर ताव द्यायचा. आपल्या अंकात वाघ जिवंत पाहिजे.

सर म्हणाले, “बाई, हा नियम तुम्हालाच महागात पडेल.”

पडू दे.

१८ सप्टेंबर

माझा लेख दिला. सूनबाईच्या हातात, पाकिटात घालून. ती हसली. “आई, ईमेल करायचं असतं.”

२६ सप्टेंबर

लेख यायला लागले! एकाने रस्त्यावरचे सिग्नल बंद करा म्हणून पुस्तकाएवढं लिहून पाठवलंय. एकाने कळवलंय — माझ्या लेखातला स्वल्पविरामही हलवू नये, संपादन ही जबरदस्ती आहे.

आणि आमची स्वतःची करणी! संदर्भ कसे द्यायचे यावर आम्ही मोठ्या मनाने लिहून ठेवलं होतं — ‘लेखकाच्या मर्जीनुसार.’ आता प्रत्येकाची मर्जी वेगळी! कोणी पानाखाली, कोणी शेवटी, कोणी मध्येच कंसात. एकाने तर ‘हे सर्वश्रुत आहे’ एवढ्यावर भागवलंय. सूनबाई कपाळाला हात लावून बसली होती. संध्याकाळी मंडळाने मुकाट्याने ठराव केला — सर्वांनी एकाच पद्धतीने संदर्भ द्यावेत.

“आलात ना वळणावर!” हे इतके खूश की स्वतः उठून चहा टाकला. “राज्यं अशीच सुरू होतात, बाईसाहेब. आधी तळटीप, मग कर.”

३ ऑक्टोबर

नियतकालिकाला क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी करावी लागते. अर्ज करावा लागतो! यांना सांगितलंच नाही. तरी कळलं. दिवसभर शीळ घालत होते.

११ ऑक्टोबर

माझ्या लेखावरचं तपासणाऱ्यांचं मत आलं. दोघांचंही. सूनबाईने वाचून दाखवलं.

स्वीकारायला हरकत नाही! दोघंही तेच म्हणतात! पहिल्याने लिहिलंय, मुद्दा ताजा आहे. दुसऱ्याने लिहिलंय, ‘लेखकाचं वाचन दांडगं, पण शिस्त नाही. त्यांचं औपचारिक शिक्षण कुठे झालं असावं याचा अंदाज येत नाही.’

“कळव त्याला,” हे म्हणाले, “टायपिंगच्या दुकानात, टेबलफॅनच्या वाऱ्यात झालं म्हणून.”

आता फक्त उत्तरपक्ष. तो मिळाला की माझं नाव पहिल्या अंकात.

लेखाचं नाव ‘उठून जाण्याचा हक्क’. म्हणणं थोडक्यात असं — माणूस मोकळा आहे की नाही हे त्याला आत काय काय मिळतं यावरून ठरत नाही, त्याला उठून जाता येतं की नाही यावरून ठरतं. देश असो, संघटना असो, नोकरी असो, घर असो. ज्याला उठून जाता येतं तो मोकळा. मग बसून राहिला तरी मोकळाच. या वाक्यावर मी वर्षभर बसले होते. फार आवडतं मला.

२० ऑक्टोबर

बाकी सगळ्या लेखांना विरोधक मिळाले. सिग्नलवाल्याला तर तिघं! माझ्याच लेखाला कोणी नाही. शेवटी लेख माझा आहे हे कबूल करून मंडळात विचारलं तर सगळे म्हणतात, “आम्हाला पटलंय हो.” जे आमच्या विचाराचे नाहीत ते म्हणतात, असल्या नियतकालिकात आमचं नाव नको. एका प्राध्यापिकाबाईंनी तर फोनच ठेवला.

२५ ऑक्टोबर

कोणी नाही.

३१ ऑक्टोबर

वकीलसाहेब म्हणाले, “बाई, नियम तुमचाच. थोडा वाकवा. तुमच्या लेखाला पुढच्या अंकात उत्तर छापू.” सर चष्मा पुसत होते.

मोह झाला. खोटं कशाला लिहू? फार झाला. पण पहिल्याच अंकात आपलाच नियम संपादिकेने स्वतःसाठी मोडायचा, आणि दुसऱ्यांना सांगायचं सत्ताधारी कसे असतात ते! छे. नाही म्हटलं. लेख थांबू दे. वर तोंड करून ‘पडू दे’ म्हटलं होतं ना? घ्या आता.

जेवताना सूनबाई सारखी माझ्याकडे बघत होती. तिचा फोन आला तशी उठून गॅलरीत गेली. “विचार करून कळवते,” एवढं ऐकू आलं. विचारलं तर म्हणाली, “विमावाले, आई.” या विमावाल्यांनी नुसता पिच्छा पुरवलाय पोरीचा!

१ नोव्हेंबर

आज यांनी माझ्यासाठी वाचनालयातून चार जाडजूड पुस्तकं उचलून आणली. सगळी सरकारच्या बाजूची. “घे. यातला एखादा जिवंत आहे का बघ, विरोधाला बोलाव.” चौघंही केव्हाच गेलेले. हसू आलं. बरं वाटलं.

१० नोव्हेंबर

आला! आला! उत्तरपक्ष आला!

सकाळी सूनबाई म्हणाली, “आई, वेबसाइटवरून एक आलंय. तुमच्या लेखावर.” आणि ग्रंथालयाला निघूनही गेली, डबा विसरून. मी अजून वाचलेलं नाही. चष्मा सापडत नाहीये. सापडला, कपाळावर होता.

१० नोव्हेंबर, दुपारी

वाचलं. तीनदा.

चांगली जिरवलीय माझी!

लेखाचं नाव ‘उंबरठा’. पहिल्याच ओळीत म्हणतात — ‘लेखकाने दार मोजलं आहे, उंबरठा मोजलेला नाही.’ मग एक एक मुद्दा घेऊन असा सोललाय! कुठे आवाज चढवलेला नाही, कुठे टोमणा नाही. एक जागा इथे उतरवून घेते —

‘समजा, एका व्यक्तीला दुसऱ्या गावी हवं तसं काम मिळालं आहे. घरात तिला कोणी अडवणार नाही. उलट विचारलं तर सगळे जा म्हणतील, आणि म्हणूनच ती विचारत नाही. जा म्हणतानाचे चेहरे तिला आधीच दिसतात. लेखकाच्या मापाने ही व्यक्ती पूर्ण स्वतंत्र आहे. मग रोज सकाळी चहाचे कप मांडताना तिचा हात का अडखळतो? तिला अडवणारं सरकार नाही, कायदा नाही, भिंत नाही. माया आहे. मायेला विरोध कसा करायचा, हे स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते सांगत नाहीत.’

जिवंत वाघ! सरांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, हे लिहिणारा माणूस मंडळात हवा.”

आनंद झाला. पण माझ्या आवडत्या वाक्याचं काय करू आता?

११ नोव्हेंबर

लिहिणारा कोण ते मला कळलं.

हे!

सांगते कसं. आमचं लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती, दुकान नुकतं कुठे जम धरत होतं. तेव्हा यांना बढती आली होती, दुसऱ्या गावी. यांनी नाकारली. घरात चकार शब्द काढला नाही. पुढे कधीतरी यांच्या कचेरीतल्या शिपायाने बोलता बोलता सांगितलं म्हणून मला कळलं. मी विचारलं तर म्हणाले, “तिथलं पाणी वाईट होतं.”

दुसऱ्या गावी हवं तसं काम. घरात सगळे जा म्हणतील म्हणूनच विचारलं नाही. दुसरं कोण असणार? आणि सकाळचा चहा तर हल्ली हेच मांडतात, कधी सूनबाई. शिवाय महिनाभर रोज दुपारी वाचनालयात जाऊन बसतात!

१२ नोव्हेंबर

आडून विचारलं. “तो उत्तरपक्ष वाचलात का हो?”

“वाचला. उत्तम आहे. खूप दिवसांनी तुला कोणीतरी गप्प केलं.”

चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही! कर खात्यात उगीच नाही काढली हयात.

१५ नोव्हेंबर

यांच्याशी गोड वागते आहे. सकाळी चहा मी करते. काल त्यांचे बूट पुसले. परवा त्यांच्या पसंतीचं रटाळ भाषण शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकलं. हे जरा भेदरलेत. सूनबाईला हळूच विचारत होते, “हिची तब्येत बरी आहे ना? डॉक्टर काही बोलले का तुला?”

१९ नोव्हेंबर

लेख दुरुस्त केला. नियमाने मला तेवढी मुभा आहे, उत्तर वाचून दुरुस्ती करायची. आवडतं वाक्य काढलं. दात काढावा तसं दुखलं. त्या जागी हे घातलं —

‘दार उघडं आहे एवढ्याने कोणी मोकळं होत नाही. आतल्या माणसांनी आपण होऊन उठावं, जाणाऱ्याचं सामान दारापर्यंत आणून द्यावं आणि हसून उभं राहावं. हक्क तिथे पुरा होतो.’

सूनबाईला वाचून दाखवलं. तिने कागद मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “आई, हे तुम्ही नुसतं लेखासाठी लिहिलंय, की…”

“की काय?”

“काही नाही. संदर्भ शेवटी टाका.”

चिरंजीवांचा फोन आला तेव्हा त्यालाही वाचून दाखवलं. मग म्हणतो, “आई, मस्त लिहिलंयस. शब्द पाळ म्हणजे झालं.” जहाजावरून मला उपदेश! बापावर गेलाय.

२४ नोव्हेंबर

सर मुखपृष्ठाचा रंग बदला म्हणतात. वकीलसाहेब नको म्हणतात. मतदानाला दोघंही तयार नाहीत, कारण मतदान म्हणजे बहुमताची जबरदस्ती. सूनबाईने दोघांना न विचारता निळा करून टाकला. दोघंही म्हणाले, “झकास!”

३० नोव्हेंबर

उद्या! उद्या अंक उघडणार!

यांच्यासाठी पेन आणलंय, चांगल्यातलं. नावं दिसली की सगळ्यांसमोर हातात देणार आणि म्हणणार, ‘पाणी वाईट नव्हतं हो तिथलं.’ बघूया मग चेहऱ्यावरची माशी हलते का!

हे आज वाचनालयातून बक्षीस घेऊन आले. शब्दकोड्याच्या स्पर्धेत पहिले! महिनाभर त्याचीच तयारी करत होते म्हणे. असेल. माणूस एका दुपारी दोन कामं करू शकतो.

सूनबाई मात्र आज पुन्हा डबा विसरून गेली. दमली असेल बिचारी.

१ डिसेंबर

“आई, बटण तुम्हीच दाबा,” म्हणाली. दाबलं. पान उघडलं. माझं नाव! डोळे भरून पाहिलं. मग शेजारच्या रकान्यात, ‘उंबरठा’खाली —

यांचं नव्हतं. सूनबाईचं होतं.

ती पडद्याकडेच बघत होती. मी विचारलं, “कुठल्या गावी?”

“लांब आहे, आई. मोठं ग्रंथालय आहे.”

“त्याला माहीत आहे?”

“तो म्हणाला, आईला तूच सांग.”

“आणि कळवायचं कधीपर्यंत?”

“आजच.”

पेन तिच्या हातात दिलं. मग यांना स्टुलावर चढवून माळ्यावरची मोठी बॅग काढायला लावली. हे वरूनच घाबरून ओरडले, “अगं, पहिल्याच अंकाला भांडण?”

“भांडण नाही हो,” म्हटलं, “उत्तरपक्ष मान्य. नीट धरा, बॅग दारापर्यंत न्यायचीय. आणि हसा!”